चुऱ्यातला अडुळसा ओळखायचा कसा?

कुपवाड-मिरज भागात अडुळसा शोधायला लांब जावं लागत नाही. जनावरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून तो कुंपणाला लावतात. समोरासमोर पानं, दोन ओठांसारखी पांढरी फुलं. झुडूप उभं असलं की ओळख सोपी. पंचाईत होते ती वाळलेला, कुस्करलेला माल हातात आल्यावर. अडुळशात महारुखाच्या पानांची भेसळ होते, याची नोंद औषधीशास्त्राच्या पुस्तकांत आहे. असा माल घेऊन तुम्ही अर्क काढलात, वासिसीन मोजलंत, तर सगळे आकडे दुसऱ्याच झाडाचे. म्हणून अर्काआधी सूक्ष्मदर्शक.

पानाचा तुकडा क्लोरल हायड्रेटमध्ये गरम करा. हरितद्रव्य गेलं की पेशी स्पष्ट दिसतात. मग तीन गोष्टी शोधा.

१. पर्णरंध्रं: अडुळशात ती डायसिटिक असतात. म्हणजे रक्षक पेशींभोवती दोनच सहायक पेशी, आणि त्यांची सामाईक भिंत रंध्राला काटकोनात. महारुखात अशी ठरावीक मांडणी नसते.

२. ग्रंथीरोम: देठ नसलेले, चार पेशींच्या डोक्याचे.

३. सिस्टोलिथ: पानाच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे लांबट खडे. महारुखात ते नसतात.

आता तुम्ही विचाराल, खडा कार्बोनेटचा की ऑक्झलेटचा, हे कसं कळणार? काचपट्टीवर सौम्य ॲसिटिक आम्ल सोडा. कार्बोनेट बुडबुडे सोडत विरघळतं, ऑक्झलेट तसंच राहतं.

मालात काड्याही येतात. कोवळ्या खोडाचा आडवा छेद घ्या, सॅफ्रनिनने रंगवा. बाह्यत्वचेखाली कोलेनकायमा, आत वाहक ऊतींचं कडं, मध्ये भेंड. चित्र सुरेख दिसतं, पण अशी रचना कितीतरी द्विदल वनस्पतींत सापडते. तेवढ्यावर नाव ठरवू नका.

हीच सावधगिरी सिस्टोलिथबाबतही ठेवा. ते ॲकॅन्थेसी कुळातल्या इतर वनस्पतींतही असतात. त्यामुळे 'हे महारुख नाही' एवढं कळतं. 'हा अडुळसाच' म्हणायला तिन्ही खुणा एकत्र लागतात, शिवाय खात्रीच्या नमुन्याशी तुलना.

तो नमुना स्वतः तयार करा. फुलासकट फांदी दाबून वाळवा, ठिकाण आणि तारीख लिहा, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणच्या वनस्पतिसंग्रहाशी ताडून घ्या. जुन्या पुस्तकांत हे झुडूप 'अधाटोडा वासिका' म्हणून सापडेल. आजचं मान्य नाव 'जस्टिसिया अधाटोडा'. प्रबंधात दोन्ही नावं आणि नमुना क्रमांक द्या, म्हणजे तुमचं काम दुसऱ्या कुणालाही तपासता येईल.