आप्त कोण? : अनोळखी सल्ला आणि आपले उत्तरदायित्व

रुग्णेतिहास घेताना ‘हे औषध आपणास कोणी सांगितले?’ हा प्रश्न आपण सर्वच वैद्य विचारीत असतो. पूर्वी त्याची उत्तरे ठरलेली असत. आजीने सांगितले, शेजारणीने सांगितले, औषधाच्या दुकानात विचारले. सांगणारी व्यक्ती कोण, ती कोठे राहते, तिने सांगितलेल्या औषधाने पूर्वी कोणाला गुण आला अथवा अपाय झाला, हे गावाला माहीत असे. अलीकडे मात्र ‘मोबाईलवर विचारले’ एवढेच उत्तर मिळते. सांगणाऱ्याचे खरे नाव रुग्णाला ठाऊक नसते, गाव ठाऊक नसते, शिक्षणाची तर चौकशीच झालेली नसते. तरीही औषध घेतलेले असते, आणि तेही महिनोन्‌महिने.

या प्रकाराची थट्टा करणे किंवा त्यावर संताप व्यक्त करणे सोपे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तो नाही. वैद्य दोन गल्ल्यांवर बसलेला असताना माणूस परक्याला का विचारतो, त्या सल्ल्यात शास्त्रदृष्ट्या नेमके काय उणे असते, आणि आपण वैद्य व औषधविक्रेते यांनी त्याबाबत काय करावे, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

एक रुग्णा

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे नगरपरिषदेचे लहान गाव. घरात कन्नड आणि व्यवहारात मराठी असा येथील अनेक कुटुंबांचा परिपाठ. येथील साधारण चाळीस वर्षांची एक गृहिणी थकवा, चालताना धाप आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येणे या तक्रारींसाठी चिकित्सालयात आली. नेत्र व नखे पांढुरकी झालेली. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन अवघे ७ ग्रॅम निघाले.

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. सात महिन्यांपासून शौचाच्या वेळी रक्त पडत होते. मोबाईलवरील एका समूहात तिने विचारले असता कोणीतरी तिला रोज रात्री सोनामुखीचे चूर्ण घेण्यास सांगितले. दुसऱ्या एकाने ‘प्रतिकारशक्तीसाठी’ सुंठ, मिरी व दालचिनी यांचा काढा दिवसातून दोन वेळा घेण्याचा सल्ला दिला. तिने दोन्ही सल्ले मनोभावे पाळले. सोनामुखीच्या नित्य सेवनाने रोज पातळ मलप्रवृत्ती होऊन शरीरातील पोटॅशियम घटत गेले, त्यामुळे पोटऱ्यांत गोळे येत होते. उष्ण व तीक्ष्ण काढ्याने रक्तस्राव अधिकच वाढला. यातील एकही द्रव्य अनोळखी नाही, सर्व आपल्याच निघंटूंतील आहेत. चुकला तो रुग्ण, चुकली ती अवस्था आणि चुकला तो कालावधी.

सोलापूरच्या शल्यचिकित्सकांकडे तिची गुदपरीक्षा करविली. सुदैवाने रक्तार्शच निघाला. पण तो गुदगत अर्बुद असता, तर हे सात महिने किती महागात पडले असते, हे वाचकांस सांगावयास नको.

मी तिला विचारले, “बाजाराला जाताना रोज दवाखान्यावरून जाता. मग इथे का विचारले नाही?”

ती म्हणाली, “इथं बाहेर चार माणसं बसलेली असतात, डॉक्टर. औषधाच्या दुकानात तर सासऱ्यांचे मित्रच उभे असतात. तिथं मोबाईलवर मला कोण ओळखतंय?”

परका का जवळचा वाटतो?

या उत्तरात आपल्या व्यवसायाचे एक मोठे उणे उघडे पडते. लहान गावात सर्व जण एकमेकांना ओळखतात. ही गावाची शक्ती आहे, पण श्वेतप्रदर, अर्श, शय्यामूत्र, वंध्यत्व, लैंगिक दौर्बल्य अशा विषयांत तीच अडचण ठरते. परका माणूस परका आहे म्हणूनच सुरक्षित वाटतो. त्याच्यासमोर लाज वाटत नाही. तो रात्री अकरा वाजताही उत्तर देतो, पैसे मागत नाही आणि ‘इतके दिवस काय करीत होता?’ असे म्हणून रागावत नाही.

दुसरे कारण असे की, प्रश्न पुष्कळदा अगदी साधा असतो. ताक रात्री घ्यावे काय? बाळंतिणीने वांगे खावे काय? मुलाला जंताचे औषध कधी द्यावे? एवढ्यासाठी क्रमांक लावून तासभर बसणे रुग्णास जड जाते, आणि गर्दीच्या वेळी असा प्रश्न आला की आपणही अर्धवट उत्तर देऊन पुढच्या रुग्णाकडे वळतो. पथ्यापथ्य हा वस्तुतः आपल्या शास्त्राचा प्राण. परंतु त्यावरील प्रश्न आपण क्षुल्लक मानले. आपण सोडलेली ती जागा अनोळखी माणसाने भरून काढली आहे.

शास्त्राची कसोटी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात परीक्षेचे चार प्रकार सांगताना आप्तोपदेशाला प्रथम स्थान दिले आहे. आप्त कोण, याचेही लक्षण तेथेच आहे : रज व तम यांपासून जो मुक्त आहे, ज्याचे ज्ञान निर्मळ व अबाधित आहे, त्याच्या वचनावर विश्वास ठेवावा, कारण असत्य बोलण्याचे त्याला प्रयोजनच नसते. मराठीत ‘आप्त’ म्हणजे नातलग. आपल्या हिताची ज्याला काळजी आणि आपल्या घराची ज्याला माहिती, तो आप्त. शास्त्र व भाषा या दोन्ही अर्थांनी अनोळखी सल्लागार या कसोटीला उतरत नाही. तो दुष्ट असतो असे नव्हे. बहुधा सद्‌हेतूनेच बोलतो. पण त्याला ज्ञान किती हे कळत नाही, आणि परिणामाचे उत्तरदायित्व त्याच्यावर नसते.

त्याच अध्यायात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. केवळ औषधे, पुस्तके व वैद्याचा वेश यांच्या बळावर मिरवणारा तो छद्मचर, प्रतिष्ठितांच्या नावावर आपला लौकिक वाढविणारा तो सिद्धसाधित, आणि खऱ्या गुणांनी युक्त असा तिसरा. मोबाईलच्या पडद्यावर पांढरा कोट घालून व समोर खलबत्ता ठेवून बोलणाऱ्यांकडे पाहिले, म्हणजे पहिले दोन प्रकार किती जुने आहेत हे ध्यानी येते.

आता सल्ल्याचा विचार करू. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील दशविध परीक्षेत प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती व वय यांचा समावेश होतो. चार ओळींचा प्रश्न वाचून यांपैकी फार तर वय कळेल. दर्शन व स्पर्शन नाहीच. राहिला प्रश्न, तोही रुग्णच विचारतो, सल्लागार नव्हे.

शब्दांचाही घोटाळा होतो. आपल्याकडे ‘पित्त झाले’ म्हणजे अम्लपित्त, ‘अंगावर पित्त उठले’ म्हणजे शीतपित्त, आणि ‘पित्ताने डोके चढले’ म्हणजे पुष्कळदा अर्धावभेदक. एकाच शब्दात तीन व्याधी सामावल्या आहेत. समोर बसलेला वैद्य एका प्रतिप्रश्नात हे सोडवितो. दूरचा माणूस ‘पित्त’ एवढाच शब्द धरून औषध सांगतो.

देश व काल यांचे उदाहरण २०२० सालचे आहे. कोविडच्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस ४ भाग, दालचिनी २ भाग, सुंठ २ भाग व काळी मिरी १ भाग असा क्वाथ सुचविला होता. मात्रा ३ ग्रॅम चूर्ण १५० मिलीलिटर उकळलेल्या पाण्यात, दिवसातून एक किंवा दोन वेळा. हा संदेश हस्ते परहस्ते पसरताना मात्रा गळून गेली आणि काढा तेवढा उरला. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्याचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. ज्वारीची कडक भाकरी व शेंगाचटणी असा रूक्ष आहार घेणाऱ्या पित्तप्रकृतीच्या माणसाने त्या दिवसांत चार-चार वेळा काढा घेतला, तर मुखपाक, दाह व रक्तस्राव यांत नवल ते काय? पिप्पली, क्षार व लवण यांचे अतिसेवन करू नये, हा विमानस्थानातील इशारा अशाच प्रवृत्तीसाठी आहे.

दोन धडे

पहिला धडा गुळवेलीचा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचा अहवाल तेथील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. द्रव्याची ओळख पटविलेली नाही, आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही सदृश वनस्पती वापरली गेली असण्याची शक्यता आहे, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये घेतला. या वादात आपण कोणत्याही बाजूस असलो, तरी दोन्ही बाजूंनी उपस्थित होणारे प्रश्न एकच आहेत : वेल कोणती होती, मात्रा किती, किती दिवस, कोणत्या रुग्णाने आणि कोणाच्या सांगण्यावरून घेतली? ‘आयुर्वेदाची बदनामी’ असे म्हणून हे प्रश्न झटकता येत नाहीत. वैद्याच्या केसपेपरवर या सर्वांची उत्तरे असतात. ऐकीव सल्ल्यात एकाचेही नसते.

दुसरा धडा दुधीभोपळ्याचा. दुधीचा रस पिण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. २०१० मध्ये दिल्लीतील एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस घेतल्यानंतर मृत्यू झाला. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याचा अभ्यास करून सूचना केल्या : रस काढण्यापूर्वी लहान फोड चाखून पाहावी, कडू असल्यास दुधी टाकून द्यावा, इतर रसांत मिसळू नये, आणि मळमळ, उलटी, अतिसार सुरू झाल्यास तत्काळ रुग्णालयात जावे. कडूपणाला कारण असलेली कुकुर्बिटासिन ही द्रव्ये विषारी आहेत. तरीही २०१८ मध्ये पुण्यात दुधीच्या रसानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याचे वृत्त आले. रस पिण्याचा सल्ला सर्वदूर पोहोचला, चाखून पाहण्याची सूचना मात्र मागेच राहिली. अनोळखी सल्ल्याचा हा स्थायी दोष होय. उपाय प्रवास करतो, निषेध प्रवास करीत नाही.

आपण काय करावे?

प्रथम, रुग्णाला रागावू नये. रागावलेला रुग्ण पुढच्या वेळी माहिती लपवितो. ‘विचारलेत हे बरे केले, आता दोघे मिळून पाहू’ असे म्हटल्यास तो मोबाईल उघडून सर्व दाखवितो.

दुसरे, केसपेपरवर ‘सध्या चालू असलेली घरगुती व ऐकीव औषधे’ असा स्वतंत्र रकाना असावा. रक्तदाबाचा रुग्ण खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असेल, तर त्याचा रक्तदाब का आटोक्यात येत नाही हे तेथेच कळेल. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर कारल्याचा रस व मेथी घेणाऱ्याला घाम व थरथर का सुटते, याचाही उलगडा होईल.

तिसरे, आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास केवळ साध्या प्रश्नांसाठी ठेवावा. त्यात औषध देऊ नये. पथ्य सांगावे, अथवा तपासणीस बोलवावे. दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्यांसाठी एप्रिल २०२० मध्ये आयुर्वेदासह भारतीय चिकित्सापद्धतींची दूरचिकित्सा मार्गदर्शक तत्त्वे आली आहेत. वैद्य व रुग्ण या दोघांची ओळख पटलेली असणे हे त्यांचे मूळ सूत्र आहे. अनोळखी सल्ला व दूरचिकित्सा यांतील भेद नेमका हाच.

चौथे, औषधविक्रेत्या बंधूंसाठी. दुकानात मोबाईल पुढे करून ‘हे द्या’ म्हणणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : औषध कोणासाठी? सोबत कोणती औषधे चालू आहेत? घरात गर्भिणी, स्तन्यदा माता किंवा लहान मूल यांच्यासाठी तर नाही ना? वत्सनाभ, भल्लातक, कुचला, जयपाल, धोत्रा अशी अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. त्रिभुवनकीर्ती रस सर्दीच्या दिवसांत सर्रास मागितला जातो. त्यात वत्सनाभ व हिंगूळ आहेत याचे स्मरण असावे. शक्य असल्यास दुकानाच्या एका टोकाला, इतरांच्या कानांपासून दूर, बोलण्याची जागा ठेवावी. एक पडदा व दोन खुर्च्या पुरेशा आहेत.

पाचवे, अपाय दिसल्यास त्याची नोंद करावी. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी फार्माकोव्हिजिलन्स योजना २०१८ पासून सुरू असून, नवी दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. अशी नोंद करणे म्हणजे शास्त्राशी द्रोह नव्हे. नाव, रूप व गुण न जाणता वापरलेले औषध विष, शस्त्र व अग्नीप्रमाणे घातक ठरते, हे चरकाचार्यांनीच सांगून ठेवले आहे.

शेवटी, आपणही कोणासाठी तरी अनोळखी असतो, याचे भान ठेवावे. आपल्या नावापुढे वैद्य ही उपाधी असते, म्हणून आपण पुढे पाठविलेला संदेश लोक अधिक विश्वासाने घेतात. उष्ण पदार्थांबरोबर मध घेऊ नये असे संहिता सांगत असता, गरम पाण्यात मध घेण्याचे संदेश आयुर्वेदाच्या नावे वैद्यांच्याच मोबाईलवरून फिरताना दिसतात. मात्रा, काल व निषेध लिहिलेले नसलेला कोणताही योग पुढे पाठवू नये, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ हित साधेल.

वर उल्लेखिलेली रुग्णा चार महिन्यांत पूर्ववत झाली. आता ती सणावारापूर्वी येते, पडद्यामागच्या खुर्चीवर बसते आणि सासूबाईंच्या पथ्याचे विचारून जाते. त्याचे शुल्क घेत नाही. पाच मिनिटे जातात. ती मिनिटे आपण दिली नाहीत, तर ती देणारा कोणी ना कोणी तिच्या हातातील मोबाईलवर जागाच असतो.