रोज दीडशे किलोमीटर आणि जुनी गाडी



आज बंदूक नाही, नकाशा नाही. आज बोलायचं आहे जुन्या गाडीबद्दल. मी ईएमईचा माणूस, म्हणजे सैन्याच्या गाड्या, तोफा, रणगाडे दुरुस्त करणाऱ्या कोअरचा. निवृत्त झालो आणि बडोद्याला राहिलो. तेव्हापासून नात्यातलं, ओळखीतलं कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की फोन मला येतो.

मागे माझ्या पुतणीचा असाच फोन आला. "काका, भरूचच्या पुढे कारखान्यात नोकरी लागली. पण घर बडोद्यातच ठेवणार. आईला एकटीला सोडता येत नाही."

मी म्हटलं, "अगं, मग रेल्वे आहे की!"

"स्टेशनपासून कारखाना लांब आहे काका. आणि संध्याकाळची सुटी कधी सातला, कधी नऊला. साडेपाच लाख जमवलेत. गाडी बघून द्या."

जायला पंचाहत्तर, यायला पंचाहत्तर. रोज दीडशे किलोमीटर, तेही ट्रकांनी भरलेल्या हायवेवर, अर्धा वर्ष अंधारात परतायचं. इथे गाडी चुकली तर नुसते पैसे जात नाहीत. रात्री नऊ वाजता रस्त्याच्या कडेला एकटी मुलगी उभी राहते. म्हणून हे काम मी गांभीर्याने घेतलं. तिच्यासाठी जे केलं तेच आज तुम्हाला क्रमाने सांगतो. तुम्ही इंदूरहून देवासला जात असा, बेळगावहून धारवाडला, नाहीतर पुण्याहून चाकणला, पद्धत तीच.

पहिलं: आधी काम ठरवा, मग गाडी

सैन्यात गाडी मागायची तर आधी विचारतात, काम काय? किती लांब, कोणता रस्ता, किती माणसं? बाजारात मात्र आपण उलटं करतो. आधी गाडी आवडते, मग काम तिला बसवतो.

पुतणीला कागद घ्यायला लावला. दीडशे किलोमीटर, महिन्याला चोवीस दिवस, म्हणजे ३,६०० किलोमीटर. सुट्ट्या वजा करून वर्षाला साधारण ४०,०००. सामान्य घरातली गाडी वर्षाला दहा-बारा हजार चालते. म्हणजे हिची गाडी एका वर्षात चार वर्षांची झीज सोसणार. हा आकडा डोळ्यांसमोर असला की बाकीचे निर्णय सोपे होतात. सनरूफ, मोठा स्क्रीन, चकचकीत चाकं आपोआप मागे पडतात.

दुसरा हिशेब पैशांचा. साडेपाच लाख आहेत म्हणून साडेपाच लाखांची गाडी बघायची नाही. निदान साठ-सत्तर हजार बाजूला ठेवायचे. चार टायर, बॅटरी, पहिली पूर्ण सर्व्हिस, विमा आणि नावावर करण्याचा खर्च यातून होतो. गाडीसाठी उरले पावणेपाच लाख.

दुसरं: इंधन

इंधनाचे भाव बदलतात, म्हणून हिशेबापुरते धरू: पेट्रोल ९५ रुपये लिटर, डिझेल ९० रुपये लिटर, सीएनजी ८० रुपये किलो. लहान गाडी हायवेवर पेट्रोलला १७, डिझेलला २०, सीएनजीला किलोमागे २४ किलोमीटर देते असं मानू. कंपनीचा दावा यापेक्षा जास्त असतो. आपण रस्त्यावरचा आकडा धरायचा.

४०,००० किलोमीटरला पेट्रोलचे होतात सुमारे २ लाख २४ हजार. डिझेलचे १ लाख ८० हजार. सीएनजीचे १ लाख ३३ हजार. पेट्रोल आणि सीएनजी यांत वर्षाला नव्वद हजारांचा फरक पडला, म्हणजे महिन्याला साडेसात हजार. जुन्या गाडीचा हप्ताच निघतो यात.

पण सीएनजीची दुसरी बाजूही ऐका. लहान गाडीत एका भरण्यात दोनशेच्या आसपास किलोमीटर जातात, म्हणजे पुतणीला जवळजवळ रोज पंपावर थांबावं लागणार. डिकी सिलिंडर खातो. गुजरातमध्ये पंप भरपूर आहेत म्हणून हे चालतं. तुमच्या वाटेवर एकच पंप असेल आणि तिथे अर्धा तास रांग असेल, तर हिशेब बदलतो. सीएनजी घ्यायची तर शक्यतो कंपनीतून बसवून आलेलीच घ्या. बाहेरून किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का ते बघा. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तिचा दाखला मागा.

डिझेल वाईट नाही. रोज लांब धावणाऱ्याला ते मानवतं. पण १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. आधीचा मालक गावातल्या गावात फिरवत असेल तर तो फिल्टर तुंबतो आणि बदलायचा खर्च मोठा असतो. शिवाय दिल्लीकडच्या मंडळींनी लक्षात ठेवा, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांबाबत न्यायालयांचे आदेश आहेत आणि ते बदलत आले आहेत. खरेदीच्या आठवड्यात काय नियम आहे ते बघूनच पैसे द्या.

तिसरं: किती जुनी गाडी?

माझं मत, तीन ते सहा वर्षांची. नव्या गाडीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि यंत्राचं आयुष्य बरंच उरलेलं असतं.

सुरक्षेसाठीही साल महत्त्वाचं आहे. एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीचे झाले. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांत २०२२ पासून. त्याआधीच्या गाड्यांत हे वरच्या व्हेरिअंटमध्ये मिळायचं, खालच्यात नाही. जाहिरातीत फक्त मॉडेलचं नाव असतं, म्हणून व्हेरिअंट विचारा. हायवेला एबीएस नसलेली गाडी फुकट मिळाली तरी मी घेऊ देणार नाही.

आणि किलोमीटर? लोक मीटरला घाबरतात. मी म्हणतो, मीटरवर विश्वासच ठेवू नका. ते मागे फिरवणारे बसलेले आहेत. सैन्यात प्रत्येक गाडीला लॉगबुक असतं. इथे लॉगबुक म्हणजे सर्व्हिसच्या नोंदी. गाडीचा नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून, मालकाच्या संमतीने, त्या मागवा. प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर झाले होते ते तिथे लिहिलेलं असतं. मीटर चाळीस हजार दाखवतो आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग घासून चकाकतंय, तर समजा. नोंदी व्यवस्थित असलेली, हायवेवर ऐंशी हजार चाललेली गाडी मला चालेल. नोंदी नसलेली चाळीस हजारांची चालणार नाही.

माझी स्वतःची फजिती

आता एक कबुली. २००६ साली मी पुण्याला असताना एक जुनी गाडी घेतली. रंग असा की आरसा बघावा. मी ईएमईचा अधिकारी, बॉनेट उघडलं, इंजिन ऐकलं, खूश झालो. खाली वाकून बघितलं नाही. तीन महिन्यांनी रात्री घाटात गाडीचे दिवे गेले. सगळे. पत्नी शेजारी, मुलं मागे झोपलेली, समोरून ट्रक. कशीबशी गाडी कडेला घेतली. पुढची दोन तास कुणी काही बोललं नाही. सकाळी मेकॅनिकने गालिचा उचलला तर खाली सुकलेला गाळ. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत बुडालेली गाडी होती ती. वायरिंगचे सांधे आतून कुजले होते.

आमच्या बडोद्यात ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला. चेन्नईत २०१५ ला, सांगली-कोल्हापुरात २०१९ ला असंच झालं. त्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात, बरेचदा दुसऱ्या शहरात. म्हणून सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला मातीचा डाग दिसतो का. सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. काचा बंद करून पाच मिनिटं बसा, कुबट वास येतो का. सुगंधी डबी नवीकोरी टांगलेली असेल तर जास्त वेळ बसा.

चौथं: गाडीची परेड

गाडी बघायला सकाळी जा आणि विकणाऱ्याला सांगा, आम्ही येण्याआधी चालू करू नका. बॉनेटला हात लावा. गरम असेल तर कुणीतरी काहीतरी लपवतंय. थंड इंजिन पहिल्या फटक्यात चालू व्हायला हवं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर कूलंट आत शिरत असावं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर नमस्कार करून परत या.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचा टायर नक्षी चांगली असली तरी बदलायचाच. एकाच बाजूने झिजलेला टायर सांगतो की चाकांची रेषा किंवा सस्पेन्शन बिघडलंय. दारांच्या आणि बॉनेटच्या फटी सगळीकडे सारख्या हव्यात. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल तर तो खोलला गेलाय. का, ते विचारा.

मग चालवा. गल्लीत एक चक्कर मारून उपयोग नाही. निदान पंचवीस-तीस किलोमीटर, शक्य तर तुमच्याच वाटेवर. ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं का? मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? एसी लावून सिग्नलला उभं राहिल्यावर तापमानाचा काटा चढतो का? चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही, तर क्लच संपला. शेवटी तुमच्या स्वतःच्या मेकॅनिकला दाखवा. विकणाऱ्याने सुचवलेल्याला नको. त्याचे हजार-दोन हजार सगळ्यात स्वस्त विमा समजा.

पाचवं: कागद

वाहनच्या सरकारी पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, विमा आहे का, कर्ज आहे का ते कळतं. ई-चलानही बघा. इंजिन आणि चॅसिसचा नंबर आरसीशी स्वतः पडताळा. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ वर तिथल्या आरटीओची ना-हरकत आणि आपल्या राज्याचा कर. आपल्यासारख्या परराज्यात राहणाऱ्या मराठी माणसांची इथेच गफलत होते. पुण्याचा भाऊ स्वस्तात गाडी देतो, पण कर भरल्यावर ती स्वस्त राहत नाही. आधी आकडा काढा. बीएच नंबरची गाडी असेल तर ती तुमच्या नावावर कशी होणार हे आरटीओत विचारूनच पुढे जा.

विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीचा नाही. आणि गाडी विकणाऱ्यांनोही ऐका: अपघात झाला तर कागदावर ज्याचं नाव तो जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. "करू नंतर" हे चालत नाही.

शेवटी काय घेतलं?

अकरा गाड्या बघितल्या. दोनांत पुराची माती निघाली. एकीचा मीटर सर्व्हिसच्या नोंदीपेक्षा तीस हजारांनी कमी. एक तर पुतणीला इतकी आवडली की ती म्हणाली, "काका, रंग किती सुंदर आहे!" मी तिला २००६ ची गोष्ट सांगितली. तिने चावी परत केली.

घेतली ती २०२२ ची टियागो, कंपनीची सीएनजी, एकच मालक, सगळ्या नोंदी जागेवर. टियागोला ग्लोबल एनकॅपच्या २०२० च्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले होते, ते माझ्यासाठी महत्त्वाचं. तुम्ही हीच घ्या असं मी म्हणत नाही. तुमच्या वाटेवरच्या तालुक्याच्या गावात ज्या गाडीचा सुटा भाग त्याच दिवशी मिळतो, ती तुमची गाडी.

आणि एक सवय लावली. सैन्यात ड्रायव्हर गाडी काढण्याआधी फर्स्ट परेड करतो. ऑइल, पाणी, टायर, दिवे, गाडीखाली काही गळतंय का. पाच मिनिटं. पुतणी ती रोज करते. परवा फोन आला, "काका, मागच्या डाव्या टायरमध्ये खिळा दिसला. घरातूनच निघाले नाही." मला बरं वाटलं. तो खिळा रात्री नऊ वाजता हायवेवर कळला असता.

गाडी बघायला जाताना कागद-पेन न्या, बॅटरी न्या आणि "नको" म्हणायची तयारी न्या.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.