फसलेल्या प्रयोगाची वही

आमच्या पाथरीच्या घरी परसात दर पावसाळ्यात भेंडी लावण्याचा परिपाठ आहे. एखाद्या वर्षी पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पानच पिवळे होते व फळे खुरटतात. शेतकरी यास ‘केवडा’ म्हणतात. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या या विषाणुरोगाची मुंबई इलाख्यातील नोंद १९२४ सालची आहे.

दिल्लीच्या संशोधकांनी सिद्ध केलेली ‘पुसा सावनी’ भेंडी आरंभी या रोगास दाद देत नसे. पुढे तीही त्यास बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे व नेरकर या संशोधकांनी तिचा संकर भेंडीच्याच कुळातील, परंतु रोगास न जुमानणाऱ्या दुसऱ्या जातीशी केला. संतती निरोगी निघाली खरी, पण बहुतांशी वंध्य! बीजच नाही, तर वाण कसला? लौकिक दृष्टीने प्रयोग फसला.

त्यांनी मात्र तो टाकून दिला नाही. संततीत काय उतरले व काय उतरले नाही, हे त्यांनी पारखले. रोगप्रतिकाराचा गुण एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असतो, हे १९८१ साली त्यांनी दाखविले. जे थोडे बीज हाती आले, त्याच्या रोपांचा पुनःपुन्हा भेंडीशी संकर करून, पिढ्यानपिढ्या निवड करीत त्यांनी ‘परभणी क्रांती’ हा वाण सिद्ध केला. तो १९८५ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हाती पडला. कालांतराने अनेक ठिकाणी त्यावरही केवडा दिसू लागला, आणि संशोधकांनी पुन्हा नव्याने आरंभ केला.

हे वाचताना आम्हांस आमचेच एक पाप आठवते. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असता आम्ही प्रयोगाच्या वह्या तपासीत असू. एका मुलाचे उत्तर पुस्तकाशी जुळेना. आम्ही त्यावर तांबडी रेघ ओढली. पुढच्या खेपेस त्याने पुस्तकातील आकडा उतरविला व पूर्ण गुण मिळविले. खरे लिहिणाऱ्यास आम्ही खोटे लिहावयास शिकविले!

वास्तविक आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. आमच्या शास्त्रकारांनी पूर्वपक्ष कधी लपविला नाही; तो सविस्तर मांडूनच ते सिद्धांतास पोहोचले. फसलेला प्रयोग हा निसर्गाने मांडलेला पूर्वपक्षच होय.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की घरातील मुलाने ‘जमले नाही’ म्हटल्यास रागे भरू नये. ‘काय झाले, ते जसेच्या तसे लिहून ठेविलेस ना?’ एवढे मात्र अवश्य विचारावे.