राजाचा मारेकरी, पण नाइलाजाचा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे, म्हणजे हेरांचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत 'रसद' नावाचा एक प्रकार आहे. आज रसद म्हटले की आपल्याला सैन्याचा शिधा आठवतो; कौटिल्याचा रसद मात्र विष देणारा आहे. या कामासाठी माणूस कसा निवडावा, हेही तो सांगून ठेवतो. आप्तांविषयी ज्याला माया नाही, जो क्रूर आहे आणि आळशी आहे, असा. त्याच प्रकरणात आणखी एक प्रकार येतो, 'सत्री'. ज्यांना कोणी नातलग नाहीत आणि ज्यांचे पोट राजाला भरावेच लागते, अशा मुलांना निरनिराळ्या विद्या शिकवून हेर करावे, असा त्याचा सल्ला आहे. मुंबई विद्यापीठाने १९६०च्या दशकात प्रसिद्ध केलेली प्रा. र. पं. कंगले यांची संशोधित आवृत्ती ज्यांनी चाळली असेल, त्यांना हा कोरडा, हिशेबी सूर परिचित असेल.

आता असे समजा की, राजाने कौटिल्याचे अर्धेच ऐकले. अनाथ मूल निवडले, त्याला विषविद्या शिकवली. पण त्या मुलाच्या मनात माया नाही ना, हे पाहायचे राहून गेले. रॉबिन हॉब या अमेरिकन लेखिकेची 'फारसीअर' ही कादंबरीत्रयी नेमकी याच चुकीवर उभी आहे. हॉब यांनी अर्थशास्त्र वाचले होते की नाही हा प्रश्न गौण आहे. राजसत्तेला असली माणसे लागतात आणि ती घडवावी लागतात, हे कळण्यासाठी कोणत्याही देशाचा इतिहास पुरतो.

'असॅसिन्स अ‍ॅप्रेंटिस' हा पहिला भाग १९९५ मध्ये आला, 'रॉयल असॅसिन' १९९६ मध्ये आणि 'असॅसिन्स क्वेस्ट' १९९७ मध्ये. लेखिकेचे मूळ नाव मार्गारेट अ‍ॅस्ट्रिड लिंडहोम ऑग्डेन. त्याआधी मेगन लिंडहोम या नावाने त्या १९८३ पासून कादंबऱ्या लिहीत होत्या. नवे लेखन वेगळ्या धाटणीचे, म्हणून नावही नवे घेतले. आणि तेही असे की, लिहिणारा पुरुष की स्त्री याचा पत्ता लागू नये. कथा एका पुरुषाच्या तोंडून सांगितलेली असल्यामुळे ही खबरदारी उपयोगी पडली असणार.

सहा परगण्यांचे एक राज्य आहे. समुद्रकाठी बककीप नावाचा किल्ला आहे. राजघराण्यातील मुलांना गुणांची नावे द्यायची रीत आहे, कारण नाव ठेवले की तो गुण मुलात उतरतो अशी समजूत. म्हणून राजाचे नाव श्रूड, म्हणजे धूर्त. थोरला पुत्र शिव्हलरी, म्हणजे क्षात्रधर्म. मधला व्हेरिटी, म्हणजे सत्य. धाकटा रीगल, म्हणजे राजस. या घराण्याच्या दाराशी एके दिवशी एक म्हातारा शेतकरी सहा वर्षांच्या मुलाला आणून सोडतो. हे तुमच्या युवराजाचे पोर, आता तुम्हीच सांभाळा, एवढे सांगून तो निघून जातो. मुलाला नाव नाही. शिव्हलरीच्या पागेचा मुख्य बरिच त्याला 'फिट्झ' म्हणू लागतो. हा शब्द जुन्या नॉर्मन फ्रेंचमधला, त्याचा अर्थ 'पुत्र'. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने आपल्या अनौरस मुलाला फिट्झरॉय हेच आडनाव दिले होते. म्हणजे ज्या घरात प्रत्येकाच्या नावात एक सद्गुण आहे, तेथे या मुलाच्या नावात केवळ जन्माचा डाग आहे. मुलगा उघडकीस येताच शिव्हलरी राज्यावरचा हक्क सोडून दूर निघून जातो. बाप आणि मुलगा एकमेकांना कधीच भेटत नाहीत.

फिट्झ पागेत, कुत्र्यांच्या आणि घोड्यांच्या सहवासात वाढतो. पुढे एका सकाळी राजा श्रूड त्याला पाहतो. धाकट्या राजपुत्राला हे पोर म्हणजे नुसती अडगळ वाटते. राजाला मात्र दुसरेच दिसते. राजरक्ताचे बेवारस मूल हे कोणाच्याही हाती लागू शकणारे शस्त्र आहे. ते आपल्याच हाती असलेले बरे. तो त्या मुलाशी चक्क सौदा करतो. अन्न, वस्त्र आणि शिक्षण मी देईन; तुला माझ्याविरुद्ध फितवण्यासाठी कोणी काही देऊ केले, तर आधी माझ्याकडे ये. आणि स्वतःच्या अंगावरची माणिक जडवलेली चांदीची पिन काढून त्या पोराच्या सदऱ्याला टोचतो. या प्रसंगात कोणी कोणाला फसवत नाही, हे विशेष. राजा जे बोलतो ते खरे असते. पण प्रेमाला आसुसलेल्या मुलाला हा व्यवहार प्रेमासारखाच वाटतो आणि पुढच्या तीन जाडजूड खंडांत त्याची सुटका होत नाही ती यामुळेच.

मग एका रात्री त्याच्या खोलीतील भिंतीचा एक भाग सरकतो आणि चेहऱ्यावर व्रण असलेला एक म्हातारा दिव्यासह उभा राहतो. हा चेड, राजाचा गुप्त मारेकरी. तोही अनौरसच. दिवसा पागा आणि तलवार, रात्री चेडची शिकवणी, असा फिट्झचा दिनक्रम सुरू होतो. कोणती मुळी किती प्रमाणात औषध आणि किती प्रमाणात विष, एकदा पाहिलेली खोली डोळे मिटून कशी आठवायची, कोणाच्या लक्षात न येता वस्तू कशी उचलायची, हे सारे तो खेळासारखे शिकतो. हॉब येथे अजिबात घाई करीत नाहीत. एके दिवशी चेड त्याला राजाच्या दालनातून एखादी क्षुल्लक वस्तू गंमत म्हणून उचलून आणायला सांगतो. फिट्झ नकार देतो. राजाला आपण शब्द दिला आहे! चेड संतापतो, भिंतीतील दार कित्येक रात्री उघडत नाही आणि तो मुलगा आतून पार मोडून जातो. ही परीक्षा खुद्द राजाने घ्यायला लावलेली असते, हे नंतर कळते. मुलाच्या निष्ठेची खात्री करून घेण्यासाठी त्याला असे एकाकी पाडणे, हे कादंबरीतील कोणत्याही खुनापेक्षा क्रूर आहे असे मला वाटते.

इंग्रजीतील 'असॅसिन' या शब्दामागे इराणातील अलमूतच्या किल्ल्याचा इतिहास आहे. हसन-इ-सब्बाहने १०९० मध्ये तो किल्ला घेतला आणि १२५६ मध्ये मंगोलांनी तो उद्ध्वस्त केला. तेथून निघणारे फिदाई श्रद्धेने पेटलेले होते. मरायलाही तयार असत. फिट्झजवळ अशी कोणतीही श्रद्धा नाही. सुडाची आगही नाही, पैशाचा लोभही नाही. त्याला हे काम नको आहे. पण याखेरीज या घरात त्याला दुसरी जागाही नाही.

त्याच्या पहिल्या मोठ्या कामगिरीचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. किनाऱ्यावरचा एक सरदार टेहळणीच्या बुरुजांवर पुरेशी माणसे ठेवीत नाही, त्यामुळे शेजारचा मुलूख लुटारूंपुढे उघडा पडला आहे. व्हेरिटी बोलणी करायला जातो आणि बोलणी फसली तर सरदाराला संपवायचे म्हणून फिट्झला सोबत नेले जाते. तेथे त्याला कळते की, सरदाराची नवी तरुण बायको श्रीमंतीच्या दिखाव्यात गुंतली आहे आणि तो तिच्या नादी लागून खर्च करतो आहे. तिच्या लाडक्या कुत्र्याच्या घशात हाड अडकलेले असते. फिट्झ ते काढतो, त्या निमित्ताने तिच्याशी बोलतो, आणि तिच्यातील सरळपणाला हाक घालतो. बुरुजांवर माणसे येतात. विषाची पुडी खिशातच राहते. माणसांचे मन वाचण्याची जी विद्या मारण्यासाठी शिकवली, तीच वाचवण्यासाठी कामी येते. चेडला याचा आनंदच होतो. चांगला मारेकरी तो, ज्याला मारावे लागत नाही!

पण प्रत्येक वेळी असे जमत नाही. लाल जहाजांतून येणारे लुटारू फोर्ज नावाच्या गावातील माणसे पळवतात आणि अजब खंडणी मागतात. पैसे द्या, नाहीतर तुमची माणसे परत पाठवू. या धमकीचा अर्थ आधी कोणालाच कळत नाही. माणसे परत येतात ती धडधाकट, पण आतून रिकामी. भूक आहे, आठवणीही आहेत; आई, मूल, शेजारी यांच्याविषयीची ओढ तेवढी नाहीशी झाली आहे. तुकड्यासाठी ती एकमेकांचा जीव घेतात. फिट्झला प्राण्यांच्या मनाशी जोडणारी 'विट' नावाची शक्ती उपजत आहे. तिच्यामुळे त्याला प्रत्येक सजीवाचे अस्तित्व जाणवते. या माणसांच्या ठिकाणी मात्र काहीच जाणवत नाही. आणि त्यांना विष घालून मारण्याचे काम त्याच्यावरच येते.

येथे कौटिल्याचा तो रसद पुन्हा आठवतो. आप्तांविषयी माया नसलेला माणूस मारेकरी म्हणून उत्तम खरा. पण या कथेत तशी माणसे शत्रूने तयार केली आहेत, आणि त्यांना मारायला पाठवलेला माणूस मायेने काठोकाठ भरलेला आहे. ती माणसे आहेत की नाहीत? आणि नसतील, तर ज्यांच्या घरी ती परत आली, त्यांना हे कोणी सांगायचे? फिट्झ काम करीत राहतो आणि उत्तर टाळत राहतो. हॉबही टाळतात. आपल्याकडच्या वाचकाला कर्णाची आठवण येणे साहजिक आहे. पण शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णाशिवाय इतरही आपापली बाजू सांगतात, येथे एकटा फिट्झच बोलतो. तेही बऱ्याच वर्षांनी, राज्याचा इतिहास लिहायला बसून. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्या इतिहासाचा एखादा कोरडा परिच्छेद येतो आणि लगेच लेखणी स्वतःच्या दुखण्याकडे वळते.

दोष आहेतच. रीगल हा खलनायक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत खलनायकच राहतो. एवढ्या बारकाईने माणसे रंगवणाऱ्या लेखिकेला हे शोभत नाही. तिसऱ्या भागातील प्रवास लांबला आहे. काही ठिकाणी फिट्झचा आत्मदयेचा सूर इतका चढतो की, त्याला खांदे धरून हलवावेसे वाटते. लढायांसाठी ही पुस्तके घेणाऱ्याची निराशा होईल. १९९६ मध्ये आलेल्या जॉर्ज मार्टिन यांच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'चा पसारा येथे नाही. नजर जवळजवळ पूर्णपणे एका मुलावर खिळलेली आहे, आणि त्याच्याभोवती बरिच, चेड, विदूषक आणि नाइटआइज नावाचा लांडगा.

या जगातील कादंबऱ्या पुढे सोळावर गेल्या. फिट्झची कथा २००१ ते २००३ आणि मग २०१४ ते २०१७ अशा आणखी दोन त्रयींत पुरी झाली. लेखिकेला २०२१ मध्ये जागतिक फँटसी पुरस्कारांतील जीवनगौरव मिळाला, तो मेगन लिंडहोम या पहिल्या नावाने. नव्या वाचकाने सुरुवात पहिल्या भागापासूनच करावी. पहिली शंभर पाने संथ आहेत, त्यांत बहुतेक पागा, कुत्री आणि थंडी आहे. ती गाळू नयेत. ती माणकाची पिन त्याच पानांत आहे.