सामायिक कॅलेंडर : कोणी किती पाहायचं?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचा मेल सर्व्हरशी काय संबंध, असं काहींच्या मनात आलं असेल. निवृत्तीनंतर आम्ही एका छोट्या संस्थेच्या कार्यालयात मदतीला जातो. तिथे प्रत्येकाच्या तारखा ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असायच्या. एका संध्याकाळी एकाच सभागृहात दोन वक्ते येऊन उभे राहिले. तेव्हा ठरलं, कॅलेंडर सगळ्यांचं मिळून एकच हवं.

आता हे होतं कसं ते बघा. फोनवर मेल दिसते ती बहुधा आयमॅप या पद्धतीने. पण आयमॅप फक्त मेल सांभाळतं. तारखांसाठी कॅलडॅव ही वेगळी पद्धत आहे, तिचं प्रमाण 2007 साली ठरलं. नाव-पत्त्यांसाठी कार्डडॅव, ते 2011 मधलं. म्हणून मेल नीट येते आणि कॅलेंडर मात्र रिकामं, असं झालं तर घाबरू नका. ते खातं वेगळं जोडावं लागतं. आयफोनमध्ये त्याची सोय आधीपासून असते, अँड्रॉइडवर सहसा वेगळं ॲप घालावं लागतं.

मुख्य मुद्दा असा, की खरी नोंद सर्व्हरवर एकच असते. प्रत्येक नोंदीला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. तुम्ही वेळ बदललीत की तीच नोंद बदलते आणि बाकीच्यांच्या फोनवर नवी वेळ जाते. तारखांची यादी मेलने पाठवली तर पाच जणांकडे पाच प्रती होतात, आणि त्यातली खरी कुठली, हा वाद उरतो.

इथवर सगळं सोपं. चूक पुढे झाली, आणि ती आमच्याच हातून झाली. उत्साहाच्या भरात आम्ही सगळ्यांची वैयक्तिक कॅलेंडरंही सगळ्यांना उघडी करून टाकली. दुसऱ्या दिवशी एका सहकारी बाईंच्या मंगळवारच्या रकान्यात सगळ्यांना दिसलं : केमोथेरपी. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी काही बोललं नाही, पण चहाच्या वेळी सगळे त्यांच्याशी फार हळू आवाजात बोलू लागले. त्यावरून त्यांना कळलं.

यंत्राचा यात दोष नव्हता. यंत्राने परवानगी विचारली होती, आम्ही न वाचता होकार दिला. ‘मी मंगळवारी मोकळी नाही’ हे कार्यालयाला कळणं गरजेचं; का नाही, हे कळणं गरजेचं नाही. हा भेद सर्व्हरलाही ठाऊक असतो. सोगो नावाच्या मुक्त सर्व्हरमध्ये नोंद सार्वजनिक, गोपनीय की खासगी हे ठरवता येतं, आणि प्रत्येक प्रकारासाठी समोरच्याला काहीच दिसू नये, फक्त दिवस-वेळ दिसावी, सगळं दिसावं की बदलही करता यावा, हे वेगवेगळं निवडता येतं.

तेव्हा आता आम्ही असं करतो. कार्यालयाचं कॅलेंडर कोणा व्यक्तीच्या नव्हे, कार्यालयाच्या नावाच्या खात्यात ठेवतो. नाहीतर ती व्यक्ती निवृत्त झाली, खातं बंद झालं, की कॅलेंडरही जाण्याची भीती. पाहायची मुभा सगळ्यांना, लिहायची दोघांनाच. वैयक्तिक कॅलेंडरमधून बाकीच्यांना फक्त ‘व्यस्त’ एवढंच दिसतं. पत्त्यांच्या वहीतही तेच : वक्त्यांचे, छापखान्याचे, मांडववाल्यांचे क्रमांक सामायिक, कोणाच्या घरचा क्रमांक त्यांना विचारल्याशिवाय घालायचा नाही. आणि कोणतीही परवानगी देण्याआधी ज्याचं कॅलेंडर आहे त्याला शेजारी बसवून पडदा दाखवायचा.

त्या बाईंची आम्ही माफी मागितली. त्या म्हणाल्या, “सर, सांगणार होतेच मी. पण कधी सांगायचं, ते मला ठरवायचं होतं.”

ते ठरवणं आम्ही त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. ते परत करता आलं नाही. म्हणून आज हे तुम्हाला सांगितलं. आता तुमचे प्रश्न घेऊ.