फाल्गुनात टेकडीवर काय बघाल?

पुण्याच्या वेताळ टेकडीवर सध्या जे फिकट गुलाबी दिसतंय ते बहुतेक गिरिपुष्प. मूळचं मध्य अमेरिकेतलं, वनीकरणात लावलेलं. फोटो छान येतात, पण मला विचाराल तर त्याला पाच मिनिटं पुरे! खरी गर्दी काटेसावर आणि पळसावर. दोन्ही झाडं पानं गाळून फुलतात, त्यामुळे पक्षी लपत नाहीत. सावरीच्या जाडजूड लाल फुलांत मध भरपूर, म्हणून मैना, बुलबुल, खारी तिथे भांडत असतात. भोरड्यांचे थवेही येतात. त्या मध्य आशियाकडून हिवाळ्यात येतात आणि एप्रिलच्या सुमारास परततात, तेव्हा आत्ताच पाहून घ्या. जांभळ्या शिंजिराचा नर याच दिवसांत पिवळसर वेष टाकून चकचकीत निळा-जांभळा होतो. अर्धवट बदललेला दिसला तर वेगळा पक्षी समजू नका.

एकसुरी टुक-टुक ऐकू आली की तो तांबट. चोच मिटूनच ओरडतो. दुर्बिणीतून गळा फुगताना दिसेल. घरटं मात्र वाळक्या, ठिसूळ फांदीत कोरतो. म्हणून सोसायटीतली धोका नसलेली वाळकी फांदी पावसाळ्यापर्यंत तरी तोडू नका.