महाळुंगेतील गणवेश आणि शिवणाऱ्याची मजुरी : जबाबदारी कोणाची?

पाळी सुटली की चाकणजवळच्या महाळुंगे औद्योगिक पट्ट्यातील रस्ते गणवेशांनी भरून जातात. कंपनीचे नाव छातीवर असलेला हा कामगार अनेकदा कंत्राटी असतो. ठेकेदाराने त्याचा पगार थकवला, तर तो मूळ कंपनीला द्यावा लागतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही कायम आहे.

पण तोच शर्ट शिवणाऱ्याचे काय? गणवेशांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरातील कारखाना असो वा दुसरीकडचा, ऑर्डर देणारी कंपनी कायद्याच्या लेखी निव्वळ गिऱ्हाईक ठरते. तिने भाव पाडला, तर तो फटका शेवटी मशीनवर बसलेल्या कामगाराच्या मजुरीला बसतो. जबाबदारी मात्र एकट्या कारखानदाराची.

नगावर मजुरी असेल तर किमान वेतन मिळते?

हो, आणि हेच अनेकांना ठाऊक नसते. ज्या कामाचा किमान दर वेळेनुसार ठरलेला आहे, तिथे नगावर काम करणाऱ्यालाही त्यापेक्षा कमी देता येत नाही. समजा, नगाला १० रुपये ठरले आणि दिवसभरात ४० नग झाले, तर ४०० रुपये होतात. त्या कामाचे किमान दैनिक वेतन ४५० असेल, तर वरचे ५० रुपये मालकाने द्यायचे. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने. कमी मजुरीबद्दल तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. मात्र नगांची आणि तासांची रोजची नोंद स्वतःकडे नसेल, तर तो सिद्ध करणे अवघड जाते.

किमान वेतन ठरवण्यासाठी १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने जे निकष घातले, त्यात चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड धरले होते. कपडे शिवणाऱ्याच्या पगारातही कपड्यांचा खर्च मोजलेला असतो, तो असा.

गिऱ्हाईक कंपनीवर दबाव आला तर?

कर्नाटकात एप्रिल २०२० पासून महिन्याला ४१७ रुपयांचा वाढीव महागाई भत्ता सुमारे चार लाख वस्त्र कामगारांना मिळाला नव्हता. उच्च न्यायालयाने तो देण्यास सांगूनही कारखानदार ढिम्म होते. परदेशी ब्रँडकडे विचारणा सुरू झाली, तेव्हा कुठे २०२२ मध्ये मोठ्या निर्यातदाराने थकबाकी द्यायला सुरुवात केली.